डेल्को

"डेल्को कोनं खोलला, भाऊ?"

खामगावच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी बॉनेट उचललं, दोन मिनिटं नुसतं पाहिलं आणि पहिला प्रश्न हा टाकला. मी मोठेबाबांकडे बघितलं. मोठेबाबा रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या ट्रॅक्टरकडे बघत होते. म्हणजे उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मी."

"मंग ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात ठीक असं काहीच नव्हतं.

गोष्ट नोव्हेंबर २०२२ ची. गाडी प्रीमिअर पद्मिनी, मॉडेल १९९२, नंबर एमएच-२८, म्हणजे बुलढाणा जिल्हा. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी ही गाडी नवी घेतली तेव्हा मी दुसरीत होतो आणि शेगावला दर्शनाला जाताना मागच्या सीटवर आम्ही सहा पोरं बसायचो. (पुढे बेंच सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढेही तिघं.) खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २००७, २०१२, २०१७ अशी तीन वेळा ती पास झाली होती. २०२२ मध्ये पुन्हा पाळी आली, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० रुपयांवर गेली होती. दादा, म्हणजे मोठेबाबांचा मुलगा, फोनवर म्हणाला, "आता बस झालं. भंगारात काढा." मोठेबाबा काही बोलले नाहीत. मोठीआई म्हणाली की ते दोन दिवस जेवताना पण काही बोलले नाहीत.

तेव्हा मी मधे पडलो. म्हटलं, मी बघतो. दिवाळीला येतो तेव्हा गाडी अशी करतो की आरटीओचा साहेब हात लावून नमस्कार करेल.

आता सॉफ्टवेअरवाल्या माणसाने "मी बघतो" म्हटलं की काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तो आधी जालावर तीन रात्री वाचतो आणि मग काहीतरी मागवतो. मी तीन गोष्टी मागवल्या. एक, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट: जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढायचा, त्या जागी एक छोटा सेन्सर आणि चुंबकाची कडी बसवायची, दोन वायरी जोडायच्या. दोन, 'हाय परफॉर्मन्स' कॉईल. तीन, प्लगच्या नव्या, जाड, लालभडक केबल. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अंगणात बसून सगळं बसवलं. गाडी सुरू झाली, आवाज मऊ आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुण्याला परत आलो.

---

मिस्त्रींच्या त्या प्रश्नातला 'डेल्को' म्हणजे डिस्ट्रिब्युटर. काळ्या टोपीचा, चार प्लगला आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणून बघा, समोरचा दोन सेकंद विचार करेल. डेल्को म्हटलं की लगेच हात तिकडे जातो. आणि गंमत म्हणजे मोठेबाबांच्या गाडीतला डेल्को डेल्कोचा नाहीच! त्याच्यावर लुकास-टीव्हीएसचं नाव आहे, म्हणजे मद्रासजवळच्या पाडीचा माल. मग हे नाव आलं कुठून?

अमेरिकेत डेटन नावाच्या गावात चार्ल्स केटरिंग नावाचा एक इंजिनिअर होता. तो आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. सहकारी एडवर्ड डीड्सच्या घरामागच्या धान्याच्या कोठारात तो आणि त्याची मित्रमंडळी नोकरीव्यतिरिक्तच्या वेळात मोटारीच्या ठिणगीवर काम करायची. (होय, गॅरेज स्टार्टअप. फक्त गॅरेजऐवजी कोठार.) १९०९ मध्ये त्यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. आद्याक्षरं जोडून डेल्को. त्यांची इग्निशन कॅडिलॅकने घेतली, आणि पुढे १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर, दिवे आणि इग्निशन असं सगळंच बॅटरीवर आलं. हँडल मारून मनगट मोडून घ्यायचे दिवस तिथून संपायला लागले.

केटरिंगच्या आधी ठिणगी नव्हती असं नाही. जर्मनीत बॉशचा मॅग्नेटो होता, आणि १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्याबरोबर चालणारा स्पार्क प्लग केला होता. मॅग्नेटो उत्तम, पण महाग, आणि इंजिन हळू फिरत असताना दुबळा. म्हणजे नेमकं सुरू करताना. बॅटरी असेल तर ही अडचण नाही.

केटरिंगची कल्पना इतकी साधी आहे की कॉलेजात शिकवतात तेव्हा आपण झोपतो. इमारतीच्या पाईपमधून जोरात पाणी वाहतंय आणि कोणी नळ खाडकन बंद केला, तर पाईप धडधडतो. वाहतं पाणी अडलं की दाब उसळतो. कॉईलमध्ये हेच विजेचं होतं. बॅटरीचा प्रवाह कॉईलमधून वाहू द्यायचा, आणि नेमक्या क्षणी तोडायचा. तोडल्याबरोबर कॉईलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या बाजूला पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी जोडल्यावर येत नाही, तोडल्यावर येते. हे तोडायचं काम करणारी जोडी म्हणजे 'पॉइंट', डेल्कोच्या पोटातल्या दोन छोट्या टिकल्या. त्या उघडताना त्यांच्यातच चटका उडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर या टिकल्या सेकंदाला १०० वेळा उघडतात. सरासरी २००० फेऱ्या आणि ताशी ४० किमी धरून मी हिशोब केला: १०,००० किलोमीटरमध्ये सहा कोटी वेळा. दोन टिकल्या, एक स्प्रिंग आणि एक फायबरचा तुकडा, बस. आपल्या ऑफिसातला कुठला कोड सहा कोटी वेळा चालून फक्त काचपेपर मागतो?

---

डेटनचं नाव खामगावला कसं पोचलं?

जनरल मोटर्सने १९१८ मध्ये डेल्को आपल्यात घेतली आणि त्यांच्या शेवरलेट, ब्यूइकमध्ये हीच इग्निशन आली. १९२८ मध्ये याच जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग पेटीतून यायचे, इथे जोडले जायचे आणि देशभर जायचे. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात. पण पैसा कापसाचा आणि कापूस मुंबईचा. कापसासाठीच १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला होता. गाठी तिकडे गेल्या की त्याच रुळांवरून तिकडच्या वस्तू इकडे येणार हे उघड आहे. जिनिंगवाल्या शेठजींच्या मोटारी आणि एसटी यायच्या आधीच्या खाजगी 'सर्व्हिस' गाड्या यांच्याबरोबर हा शब्द आला, ड्रायव्हर-क्लीनरच्या तोंडी बसला आणि मग तो कंपनीचा राहिला नाही, असं माझं मत आहे. 'डालडा'चं जे झालं तेच.

यातली खरी मजा पुढे आहे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसती जोडाजोडी नको, इथे बनवायचा कार्यक्रम असेल तरच थांबा. जनरल मोटर्स १९५४ मध्ये शिवडी बंद करून निघून गेली. नाव मात्र इथेच राहिलं. आणि ज्यांनी थांबून गाड्या बनवल्या त्यांच्यात एक होते सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचे वारसदार. वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आधी क्रायस्लरच्या गाड्या आणि मग फियाट. १९६४ मध्ये फियाट ११०० डी आली. सत्तरच्या दशकात तिचीच 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. आतली गाडी तीच. इटलीत ती बंद पडून इतिहासजमा झाली, तरी इथे शतक संपेपर्यंत बनत राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, एक डेल्को.

लायसन्स राजमध्ये गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, याबद्दल आपण सगळे (जन्म नंतरचा असला तरी) तावातावाने बोलतो. ते खरंच आहे. पण गाडी पस्तीस वर्षं बदलली नाही याचा एक परिणाम असा झाला की मेहकर असो की मलकापूर, कुठल्याही नाक्यावर तिचे पॉइंट मिळायचे आणि ते बसवता येणारा माणूसही मिळायचा. त्या माणसाला वायरिंगचा नकाशा लागायचा नाही, कारण नकाशा एकच होता आणि तो पाठ होता. एकाच व्हर्जनवर पस्तीस वर्षं! डॉक्युमेंटेशन लिहायची कोणाला गरजच पडली नाही. माझा घोळ नेमका इथे झाला, पण त्याकडे येतोच.

तिकडे जगात पॉइंट गेले ते लोकांना त्रास होता म्हणून नाही. लोकांना त्रास तर साठ वर्षं होत होता. पॉइंट गेले ते धुरामुळे. अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि प्रदूषणाची मर्यादा गाडी नवी असतानाच नाही, तर ५०,००० मैल चालेपर्यंत पाळा अशी अट आली. पॉइंट झिजतात, झिजले की टायमिंग सरकतं, एखादी ठिणगी चुकते आणि न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर येतं. न झिजणारं काहीतरी हवं होतं. १९७३ पर्यंत क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रॉनिक केल्या, १९७५ पर्यंत जनरल मोटर्सही तिकडे वळली. डेल्को आपल्यात घेतलेल्या कंपनीनेच डेल्कोचं पोट रिकामं केलं.

आपल्याकडे ही लाट वीस वर्षांनी आली. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती १९२१ मध्ये थॉमस मिजलीने शोधली, आणि तो ज्या प्रयोगशाळेत काम करायचा तिचा प्रमुख कोण? केटरिंग! एका माणसाने आपल्याला किती कामाला लावावं...) त्याच सुमाराला फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि पद्मिनी संपली. मुंबईत तिची टॅक्सी मात्र ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

म्हणजे मी दिवाळीत अंगणात बसवलेलं किट हा १९७३ चा बदल होता, १९६४ च्या डिझाइनवर, २०२२ मध्ये. असो.

---

पासिंगची तारीख नोव्हेंबरात मिळाली. मी मुद्दाम खामगावला आलो. बुलढाणा तिथून पन्नासएक किलोमीटर, रस्ता बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून. टिपेश्वरहून निघून तेराशे किलोमीटर चालत आलेला तो प्रसिद्ध वाघ २०१९ मध्ये इथेच येऊन राहिला होता. अस्वलं तर नेहमीचीच.

सकाळी मोठेबाबांनी किल्ली फिरवली तेव्हा मला एक विचित्र गोष्ट दिसली. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. मग त्यांनी किल्ली सोडली, आणि सोडता क्षणी इंजिन सुरू झालं. त्यांनी हे इतक्या सवयीने केलं की मी विचारलं, असं कधीपासून? "आहे थोडे दिवस," म्हणाले. नंतर मोठीआईकडून कळलं की दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यापासून. दोनदा गाडी बाजारात बंद पडली होती. त्यांनी मला फोन केला नाही आणि तिलाही करू दिला नाही.

बोथ्याच्या जंगलात चढावर गाडीने दोन झटके दिले आणि शांत झाली. सेल्फ मारला, काही नाही. मी मल्टीमीटर काढला. (बरोबर आणला होता, शर्टाच्या खिशात, ऐटीत.) कॉईलची वायर काढून मोजलं: १२.४ व्होल्ट. म्हटलं, सप्लाय उत्तम आहे. मग किटच जळलं असणार. माझा हा निष्कर्ष चुकीचा होता, पण ते कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

मोठेबाबांनी काही न बोलता डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत वर्तमानपत्राच्या पुडीत जुने पॉइंट आणि जुना कंडेन्सर. दिवाळीपासून तिथेच होते. पंच्याहत्तरीच्या माणसाने स्क्रू ड्रायव्हर घेतला, माझं किट काढलं, पॉइंट बसवले आणि गॅप लावायला शर्टाच्या खिशातून कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा फाडलेला पुठ्ठा काढला. मी टॉर्च धरायचं काम केलं. अर्ध्या तासात गाडी सुरू. आम्ही बुलढाण्याला पोचलो तेव्हा आमची वेळ टळून गेली होती, पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन परत आलो. परतीच्या रस्त्यावर इंजिन खोकत होतं. दादाचा फोन आला, मोठेबाबांनी तो घेतला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिस्त्रींसमोर उभे.

त्यांनी डेल्कोची टोपी काढून पॉइंट बाहेर घेतले आणि माझ्या तळहातावर ठेवले. टिकल्या निळसर-काळ्या पडल्या होत्या, एकीवर खड्डा आणि दुसरीवर टेंगूळ. मोठेबाबा म्हणाले, अरे, हे तर मागच्या वर्षीचे, चांगले होते.

"शंभर किलोमीटरमंदी पॉइंट असे जळत नाही," मिस्त्री म्हणाले. "कॉईल बी बदलवली ना, भाऊ?"

बदलवली होती. आणि मला एकदम दिसायला लागलं. पॉइंट खरं बोलले होते. किट बिचारं काळ्या डबीत बंद, आत काय चाललंय ते दाखवत नाही, गरम झालं की गप्प बसतं आणि थंड झालं की पुन्हा चालतं. पॉइंटला मात्र सगळं तोंडावर दिसतं.

कारण असं. मोठेबाबांच्या गाडीतली मूळ कॉईल ३ ओहमची. १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. पॉइंट तेवढं आयुष्यभर झेलतात. माझी हाय परफॉर्मन्स कॉईल दीड ओहमची, म्हणजे ८ अँपिअर मागणारी. अशी कॉईल चुकीची नसते. काही गाड्यांत कॉईलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो. तो एरवी प्रवाह रोखतो, आणि सेल्फ मारताना बॅटरीचा दाब पडतो तेव्हा त्याला वळसा घालून पूर्ण वीज कॉईलला देतात, म्हणजे थंडीतही ठिणगी सणसणीत. दीड ओहमची कॉईल त्या गाड्यांसाठी. या गाडीत बॅलास्ट नाही. कॉईलच्या खोक्यावर हे बारीक अक्षरात लिहिलंही होतं. मी रंग बघितला होता.

जुनी कॉईल (तीही जपून ठेवलेली होती, अर्थातच) परत लावली. मिस्त्रींनी ती उलटी करून मला तिच्या टोकांवरची अक्षरं दाखवली: एसडब्ल्यू आणि सीबी. स्विचकडचं टोक आणि कॉन्टॅक्ट ब्रेकरकडचं टोक. 'सीबी पॉइंट' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडायची पद्धत होती, आपली ॲम्बॅसडर जिच्यावरून झाली त्या मॉरिस ऑक्सफर्डमध्येसुद्धा. साठच्या दशकात सगळे उलटे झाले, ऋण टोक बॉडीला आलं आणि त्यानंतर कॉईलवर सरळ अधिक-उणे छापायला लागले. पॉइंटना दिशेचं सोयरसुतक नसतं, ते नुसतं उघडतात-मिटतात. अशा जुन्या धन-अर्थच्या गाडीवर आजचं साधं किट जोडलं तर पहिल्याच सेकंदाला जळेल.

मग किट पुन्हा बसवलं. चाललं! पण सुरू होताना तीच तऱ्हा, किल्ली सोडल्यावरच पकडणार. मी पुन्हा मीटर काढला, पुन्हा कॉईलची वायर काढून लावला, पुन्हा १२.४.

"मीटर ठेवा खिशात," मिस्त्री म्हणाले. "मीटर करंट खात नाही. बल्ब खाते."

त्यांनी इंडिकेटरचा एक बल्ब काढला, दोन वायरी डकवलेला, आणि त्याच वायरीला लावला. बल्ब पिवळट, मरगळलेला. तोच बल्ब थेट बॅटरीला लावला, लख्ख. झालं. तीस वर्षांच्या किल्लीचे आतले पत्रे आणि गंजलेले जोड. त्यातून व्होल्ट पोचतात, प्रवाह पोचत नाही. माझा डिजिटल मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून त्याला गंज दिसतच नाही. रिकाम्या रस्त्यावर खड्डा मोजायला गेल्यासारखं. वायर जोडलेली ठेवून, कॉईलमध्ये प्रवाह चालू असताना त्याच मीटरने मोजलं तर १०.१ आले. सेल्फ मारताना सात. पॉइंटला सात व्होल्टचंही चालतं, ठिणगी अशक्त पडते एवढंच, आणि म्हणून तीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. किटमधला ट्रान्झिस्टर ठरावीक दाबाच्या खाली गेला की सरळ काम बंद करतो. किल्ली सोडली, सेल्फ थांबला, दाब वर आला, एक ठिणगी पडली आणि तेवढ्यात फिरतं इंजिन पकडलं. मोठेबाबांनी कारण माहीत नसताना उपाय शोधून ठेवला होता.

रात्री मी कागदावर हिशोब केला आणि घाम फुटला. १२.५ व्होल्टची बॅटरी, ३ ओहमच्या कॉईलवर १०.१, म्हणजे गंजलेल्या जोडात साधारण ०.७ ओहम अडलेले. माझी दीड ओहमची कॉईल असताना हाच ०.७ ओहम मधे उभा होता, त्यामुळे प्रवाह ८ ऐवजी साडेपाचच्या आसपास राहिला. गाडीत बॅलास्ट नव्हता, पण गंजाने फुकटात बॅलास्टचं काम केलं! समजा मी हुशारी करून आधी वायरिंग दुरुस्त केलं असतं आणि कॉईल तशीच ठेवली असती, तर पूर्ण ८ अँपिअर जाऊन किट कायमचं गेलं असतं, आणि मी किटवाल्याला शिव्या दिल्या असत्या. मिस्त्रींनी कॉईल आधी बदलली, गंज नंतर काढला. क्रम मी विचारला नव्हता, त्यांनी सांगितला नव्हता.

बाकीचं काम दोन तासांचं. एक रिले. किल्लीकडून येणारी जुनी वायर आता फक्त रिलेला जागं करते, आणि कॉईलची वीज बॅटरीवरून फ्यूज घालून नव्या जाड वायरीने थेट येते. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची वेणी निम्मी तुटलेली होती, ती बदलली. लालभडक केबल काढून जुन्या लावल्या, कारण दिवाळीपासून रेडिओवर खरखर येत होती. त्या केबलमध्ये खरखर अडवणारा रोध नव्हता. मोठेबाबांनी यावर एकच वाक्य म्हटलं, "बातम्या ऐकू येत नव्हत्या." तीन आठवडे!

पुढच्या आठवड्यात पुन्हा बुलढाणा. बोथ्याच्या चढावर माझं लक्ष रस्त्याकडे कमी आणि इंजिनच्या आवाजाकडे जास्त. गाडी पास झाली, २०२७ पर्यंत. परत येताना मोठेबाबांनी स्वतः दादाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

किट अजून गाडीत आहे आणि चालतंय. कप्प्यात वर्तमानपत्राची पुडी पण आहे, फक्त आत आता नवे पॉइंट आहेत. मिस्त्रींनी बिल दिलं ते माझ्याकडे जपून ठेवलंय. रिले, वायर, अर्थची वेणी, आणि शेवटची ओळ: 'डेल्को काम, ३५० रु.'